घरासाठी कोणतं काडतूस देऊ?

बंगळुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दरवर्षी माझ्याकडून पाककृती मागतात. मागच्या वर्षी मेथीची शंकरपाळी दिली, त्याच्या आधी बिसीबेळे भाताला आपला गोडा मसाला लावून काय होतं ते लिहिलं. यंदा मी संपादकांना स्पष्ट सांगितलं, बाबा रे, मी काही उभा जन्म शेगडीपुढे काढलेला नाही. मी बंदुकीच्या दुकानात काउंटरवर उभी होते. त्यावर लिहिते. मग म्हणाले, "चालेल काकू, पण जरा हलकंफुलकं असू द्या." म्हटलं, काळजी करू नका, फुलं भरपूर आहेत त्यात.

माझी नोकरी कळली की लोकांचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "तुम्हाला भीती नाही वाटत?" वाटते ना. बंदुकीची नाही, गिऱ्हाइकाची वाटते. दुसरा प्रश्न जरा आवाज खाली आणून विचारतात, "घराच्या संरक्षणासाठी कोणतं काडतूस चांगलं हो?" परवान्याचा पत्ता नाही, बंदूक आयुष्यात हातात धरलेली नाही, पण काडतूस मात्र चांगलं पाहिजे. हे म्हणजे घोडा नाही आणि नाल कुठला ठोकू विचारण्यातलं झालं.

आमचं दुकान जुन्या बाजारपेठेत. मालक पूवय्या, कोडगूचे, म्हणजे आपण कूर्ग म्हणतो तिथले. त्यांच्याकडे पूर्वी घरात मुलगा झाला की बंदुकीचा बार काढून गावाला कळवायचे, त्यामुळे बंदूक त्यांना पेढ्याच्या डब्याइतकीच घरगुती. मी लागले ती पत्रव्यवहार बघायला. एक दिवस काउंटरवरचा माणूस आजारी पडला, मी उभी राहिले, ती निवृत्त होईपर्यंत बसलेच नाही. सगळ्या शहराची मी अक्का झाले. पोलीस अक्का म्हणायचे, इस्टेटवाले अक्का म्हणायचे, एक माजी मंत्री तर पायाही पडले होते, पण ते निवडणुकीचे दिवस होते.

दुकानाचा एकच नियम होता, आणि तो पूवय्यांच्या वडिलांपासूनचा. उंबरठ्याच्या आत आलेली बंदूक, कुणाचीही असो, काउंटरला टेकण्याआधी मोडायची. मोडायची म्हणजे तोडायची नव्हे. दुनळी मधोमध वाकवली की दोन्ही नळ्यांची मागची तोंडं उघडतात, आत काडतूस आहे की नाही ते दिसतं. 'रिकामीच आहे हो' असं जो छातीठोकपणे सांगेल, त्याची सगळ्यात आधी मोडायची.

आता काडतुसाचं. दुनळीच्या काडतुसात गोळी नसते, छर्रे असतात, आणि त्यांना नंबर असतो. नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक. हे गिऱ्हाइकाच्या पचनी कधी पडत नाही. "मला मोठ्यात मोठा नंबर द्या" म्हणून लोक यायचे आणि आठ नंबर समोर ठेवला की खूश व्हायचे. तो म्हणजे चिमण्या-कवड्यांचा. मग मी काउंटरखालून मसाल्याचा डबा काढायची. खोटं नाही, खराच डबा, सासूबाईंचा, पितळी. मोहरी म्हणजे आठ नंबर. साबुदाणा म्हणजे चार नंबर. मिरी म्हणजे त्याच्याहून जाड. आणि एल.जी., म्हणजे 'लार्ज गेम', मोठ्या शिकारीचा छर्रा, तो काबुली चणा. एल.जी. हा रानडुकराचा माल, कोडगूच्या कॉफीमळ्यातला. तो तुम्ही चार इंची पोकळ विटांच्या फ्लॅटमध्ये उडवलात तर चोराला लागेल न लागेल, शेजारच्यांचा टीव्ही नक्की जाईल आणि टीव्हीपुढे कोण बसलंय ते देवाला ठाऊक.

हे सगळं ऐकून झालं की माणसं मान डोलवायची आणि म्हणायची, "सरी अक्का, बरं, मग एल.जी.च द्या."

किती नमुने सांगू? एचएसआर लेआउटमधला एक मुलगा आला, मूळचा पुण्याचा. काहीतरी स्टार्टअप. म्हणाला, "मॅम, होम डिफेन्ससाठी बेस्ट व्हॅल्यू कुठला? तुमच्याकडे ट्रायल पॅक असतो का? आणि न वापरलेले रिटर्न घेता का?" म्हटलं, राजा, न वापरलेले राहावेत म्हणूनच तर घ्यायचे असतात. परवाना दाखव. परवाना नव्हता. तो म्हणे ॲपवर मिळतो का ते बघणार होता. मी त्याला दाराला लावायची चांगली जाड कडी कुठे मिळते ते सांगितलं. त्यानं लगेच मोबाइल काढून कडीचे रिव्ह्यू वाचायला घेतले.

दुसरे एक वास्तुवाले. त्यांना काडतुसाचं लाल प्लॅस्टिक चालेना, बंदूक म्हणे ईशान्येला ठेवलीय, तिथे हिरवं पाहिजे. यशवंतपूरचा एक कांद्याचा ठोक व्यापारी यायचा, अडाणी, तोंडात पान. तो म्हणायचा, "अक्का, लागलं नाही तरी चालेल, आवाज मोठा पाहिजे." तो एकटाच शहाणा. गोदामाच्या आवारात उभा राहून वर्षातून एकदा आकाशात बार काढायचा विचार होता त्याचा. तेही कायद्यानं चालत नाही म्हटल्यावर त्यानं दोन कुत्री पाळली. आणि निवडणूक जाहीर झाली की परवानेधारकांनी बंदुका जमा करायच्या असतात, ठाण्यात नाहीतर आमच्यासारख्या दुकानात. म्हणजे त्या दिवसांत अख्ख्या शहराचं घरसंरक्षण आमच्या मागच्या खोलीत रांगेत उभं असायचं. चोरही मतदानात गुंतलेले असावेत, असं सरकारनं गृहीत धरलं असेल.

अशा गिऱ्हाइकांवर मी घरी जाऊन पोट धरून हसायची. आमचे हे, म्हणजे माधवराव, तेही हसायचे. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, सोवळे नाहीत पण देवभोळे. मंडळाच्या गणपतीची पूजा तेच सांगतात, तुम्ही सगळे ओळखता त्यांना. ओळखता म्हणूनच पुढचं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

तर निमकर सर आले. एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ, आपल्यातलेच, पण मंडळात येत नाहीत. शास्त्रीय दृष्टिकोन नाही म्हणे मंडळाला. राजाजीनगरात स्वतःचं बसकं घर, वर एक खोली, पुढे बाग. सासऱ्यांची दुनळी वारशानं आली, परवाना रीतसर नावावर झाला, आता काडतूस घ्यायचं होतं.

"ताई," ते म्हणाले, "मला प्रत्यक्ष धोका आहे. रोज पहाटे एक माणूस माझ्या कुंपणावरून हात घालतो. काठीला तार वाकवून लावलेली असते. सराईत आहे."

मी गंभीर झाले. "काय नेतो?"

सर जरा घुटमळले. "मौल्यवान आहे."

"दागिने? तांब्याची वायर?"

"जास्वंद," ते म्हणाले. "साधी नव्हे हो! दुहेरी पाकळ्यांची, शेंदरी, मधे पिवळा ठिपका. मी स्वतः कलमं करकरून जमवलीय. असं झाड बंगळुरात दुसरं नाही. मला त्या फुलांची वाढ मोजायची असते, आणि मी उठून बघतो तर नुसते देठ!"

मी हसू गिळलं. त्यांना सांगितलं, कायद्यात स्वसंरक्षण म्हणजे जिवावर बेतलं तर. जास्वंदीवर बेतलं तर नव्हे. ते म्हणाले, "मी त्याला मारणार नाही, पायावर धडा शिकवणार." म्हटलं, सर, मधे कुंपण आहे, पाय दिसायचे नाहीत. तर म्हणतात कसे, "म्हणून तर वरच्या खोलीतून. कोन काढलाय मी." माणूस कच्चा नव्हता. नळीच्या तोंडापासून छर्रे किती पसरतात ते त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. गणित पक्कं होतं, फक्त ते कशासाठी मांडायचं हे चुकलं होतं. शेवटी "विचार करून येतो" म्हणून गेले. मी पूवय्यांना सगळं सांगितलं. ते पोट हलवत हसले आणि म्हणाले, "अक्का, बंदुकीला लायसन लागतो, अकलेला नाही लागत. काय करणार?"

संध्याकाळी घरी आले. हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावायला गेले. आणि गणपतीच्या डोक्यावर शेंदरी जास्वंद. दुहेरी पाकळ्या. मधे पिवळा ठिपका.

देवाशपथ सांगते, काडीपेटी हातातून खाली पडली. रोज सकाळी हे कापडी पिशवी घेऊन फिरायला जातात, रोज भरून आणतात, रोज मी ती फुलं देवाला वाहते, आणि इतक्या वर्षांत मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, ही फुलं येतात कुठून. तारवाली काठी दाराआड उभी होती. मी तिनं जळमटं काढायची.

"अहो," मी म्हटलं, "ही फुलं कुठली?"

"देवाची," हे म्हणाले. पेपर वाचत होते.

"झाड कुणाचं?"

"तेही देवाचंच. आपण फक्त इकडून तिकडे करतो." मग माझा चेहरा बघून पेपर खाली ठेवला. "अगं, देवाच्या फुलाला चोरी म्हणत नाहीत. उलट अर्धं पुण्य झाडवाल्याला जातं. तो घोरत पडलेला असतो, त्याला फुकटात मिळतं. तुला सांगतो, त्या चौथ्या गल्लीतल्या जास्वंदवाल्या घराचं तर माझ्यामुळे कल्याण होणार आहे."

"त्या घरचा माणूस आज दुकानात आला होता," मी म्हटलं. "तुमच्यासाठी काडतूस निवडायला."

ह्यांना आधी खरंच वाटेना. मग हसले. "फुलासाठी कुणी गोळी घालतं का? शिकलेली माणसं आहेत ती." मी म्हटलं, शिकलेत म्हणूनच कोन काढून बसलेत. स्वयंपाकघरात गेले, उसळीसाठी भिजवलेले काबुली चणे मूठभर आणून ह्यांच्या ताटलीत टाकले. "एल.जी. म्हणजे हे. एवढाले. एका बाराला एवढे तुमच्या पाठीत. बघा!"

ह्यांनी एक चणा उचलला, तोंडात टाकला, चावला आणि म्हणाले, "भिजलेत छान. मीठ कमी आहे."

अशा माणसाशी काय बोलणार? मी रडले, भांडले, अबोला धरला. शेवटी "सरी, सरी, नाही जाणार तिकडे" असं म्हणाले. दोन-चार दिवस देवाला गल्लीतली तगर आली. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग एका सकाळी गणपती पुन्हा शेंदरी. मी काठी मोडून टाकली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी टाचा उंच करून, उड्या मारून फुलं आणली. म्हणे व्यायाम होतो.

तुम्ही म्हणाल, मग सरळ निमकरांना का नाही सांगितलं, की तो चोर आमच्याच घरचा आहे? कसं सांगू? पंचक्रोशीत मंडळाचे गुरुजी म्हणून मिरवणारा माझा नवरा, तो भल्या पहाटे लोकांच्या कुंपणावर लोंबकळतो? जीव की अब्रू असं कुणी विचारलं तर आपण जीव म्हणतो, पण ते विचारणारा समोर नसतो तोवर अब्रूच धरून बसतो.

निमकर पुन्हा आले ते दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात. हातात आलेखाचा कागद. "ताई, ठरलं. एल.जी. द्या."

आणि मी तिथे उभी. मागे सगळी कपाटं. माझ्या डोळ्यांपुढे ह्यांचा तो चॉकलेटी स्वेटर, मीच विणलेला, पाठीवर एक टाका चुकलेला. उभ्या हयातीत दुसऱ्यांच्या घरासाठी काडतुसं निवडली, त्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या पाठीसाठी निवडत होते. कोणतं देऊ? मोहरी देऊ की साबुदाणा? स्वेटर जाड आहे का? त्या अंतरावरून मोहरी आत शिरेल की वरच राहील? देणारच नाही म्हटलं तर समोरच्या फुटपाथवर दुसरं दुकान होतंच, परवाना पक्का, तो हसत एल.जी. बांधून देईल.

"एल.जी. संपल्यात," मी म्हटलं. मागच्या कपाटात खोकी भरलेली होती. "आणि सर, घरासाठी आठ नंबरच बरा. भिंती पातळ, वस्ती दाट. ह्याचा आवाज तेवढाच होतो. आवाजानंच माणूस पळतो."

सरांनी कागदाकडे पाहिलं. "आठ नंबर शर्टातून जाणार नाही त्या अंतराला."

"कशाला जायला हवाय शर्टातून?" माझा आवाज चढला. "माणूस असेल म्हातारा! घरी बायको असेल त्याची!"

"तिनं त्याला समजवायला हवं," सर शांतपणे म्हणाले. त्यांनी आठ नंबर घेतला. मला वाटलं, जिंकले.

खंडेनवमी आली. बंगळुरात हा सण म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. रिक्षा, बस, लेथ मशीन, पिठाची गिरणी, सगळ्यांना हळदकुंकू, केळीचे खांब, शेवंतीच्या माळा, आणि रस्त्यात जागोजागी फोडलेले कोहळे. आमच्या दुकानात तर ती दिवाळीच. सगळ्या बंदुका पुसून रांगेत उभ्या, कडलेपुरीची, म्हणजे डाळं घातलेल्या चुरमुऱ्यांची पोती, आणि जुनी गिऱ्हाइकं आपापली बंदूक पूजेला घेऊन येणार. हेही दरवर्षी यायचे, मंत्र म्हणायला.

फुलं मी बाजारातून मागवली होती, मुद्दाम. शेवंती. मागच्या खोलीत कोहळ्याला भोक पाडून त्यात कुंकू भरत होते. बाहेर आले आणि बघते तर रांगेतल्या प्रत्येक बंदुकीच्या नळीत एकेक शेंदरी जास्वंद खोचलेली. दुनळीला दोन. पूवय्यांच्या वडिलांच्या फोटोला चार. हे हातात रिकामी पिशवी घेऊन कौतुकानं बघत उभे.

"अहो!" मी किंचाळलेच. "काय केलंत हे!"

"अगं, दुकानाचा मान आहे," हे म्हणाले. "तुझी ती शेवंती कोमेजलेली वाटली. सबंध झाड उतरवून आणलंय आज."

मी पहिली दोन फुलं उपटली असतील नसतील, तोच दारात निमकर सर. धोतर, उपरणं, काखेत खोळीत घातलेली दुनळी. चेहरा असा फुललेला, जणू पारितोषिक मिळालंय. दारातूनच सुरुवात. "ताई! आज सापडलाच होता बघा! वरच्या खिडकीतून बरोब्बर पाठमोरा. नेम धरला, चापावर बोट, आता ओढणार, आणि बघतो तर समोर सगळं धुकट! चष्माच नाही डोळ्यांवर! चष्मा शोधायला खाली गेलो, तेवढ्यात पळाला लेकाचा."

"पळालो नाही," मागून आवाज आला. "मी पळत नाही कधी. चालत गेलो."

ह्यांचा स्वाभिमान बघा! मृत्यू समोर उभा आहे खोळीत, आणि ह्यांना राग कशाचा, तर पळाला म्हटल्याचा. सरांनी मान वळवली. आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग पिशवीकडे, मग रांगेकडे. त्यांची वर्षानुवर्षांची मेहनत एकेका नळीतून तोंड काढून त्यांच्याकडे बघत होती. त्यांचा हात खोळीवर घट्ट झाला. मला ते दिसलं.

नियम हा अशा वेळी कामाला येतो. डोकं बंद पडतं, पण तोंड सवयीनं बोलतं. "सर," मी म्हटलं, "आधी बंदूक मोडा."

"रिकामी—" असं ते म्हणायला गेले आणि थांबले. पूवय्या एव्हाना काउंटरच्या बाहेर आले होते. त्यांनी खोळीसकट बंदूक अलगद काढून घेतली, नळ्या जमिनीकडे केल्या, मोडली. दोन्ही नळ्या भरलेल्या. दोन काडतुसं हातात घेऊन पूवय्यांनी ती पूजेच्या ताटात ठेवली, कुंकवाच्या वाटीशेजारी. आठ नंबर नव्हता. एल.जी. होत्या.

"हा माल माझा नाही," पूवय्या म्हणाले.

"समोरून घेतल्या," सर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"आणि रिक्षानं आणलीत? भरलेली? सणाच्या गर्दीतून?"

सरांनी उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "रिकामं शस्त्र पूजेला ठेवू नये, असं आई म्हणायची. रिकामं भांडं देवापुढे ठेवत नाहीत, तसं."

घ्या! शास्त्रीय दृष्टिकोन नाही म्हणून मंडळात न येणारा माणूस!

हे पुढे आले. ताटात वाकून बघितलं. काडतुसावरची अक्षरं वाचली. इतका वेळ त्यांना कशाचीच भीती वाटली नव्हती. आता मान वर करून माझ्याकडे बघितलं तर तोंडाचा रंग उडालेला. "हे ते? चण्याएवढे?"

"हो," मी म्हटलं. "मीठ कमी असलेले." आणि मला रडू फुटलं. भर दुकानात, गिऱ्हाइकांपुढे, बसकण मारली आणि ओक्साबोक्शी रडले. तोंडानं शिव्या चालूच. ह्यांना दिल्या, निमकरांना दिल्या, जास्वंदीला दिल्या. तुम्हा दोघांचं मिळून वय केवढं, म्हटलं, आणि अक्कल केवढी! एकाला फूल सुटत नाही, दुसऱ्याला मोजमाप सुटत नाही, आणि मधे मी काबुली चणे भिजवत बसू!

निमकर सर ह्यांच्या अगदी जवळ गेले. चष्मा आता डोळ्यांवर होता. ह्यांचे भुवयांचे पांढरे केस, तो टाका चुकलेला स्वेटर, सगळं निरखून बघितलं. म्हणाले, "वरून तुम्ही तरुण वाटायचात हो. उड्या मारत होतात."

"काठी हिनं मोडली," हे म्हणाले.

कुणीतरी दोघांना दोन स्टुलं दिली. पूवय्यांनी दुनळीला हळदकुंकू लावलं, आरती केली, आणि ती तशीच उचलून मागच्या खोलीतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली कमरेला. सरांना म्हणाले, "सर, हे आता इथेच राहणार. परवाना परत करायचं पत्र तुम्ही लिहा, नाहीतर मी ठाण्यात फोन करतो. काय ते आत्ता सांगा." सरांनी 'लिहितो' म्हणून मान हलवली. मला वाटतं त्यांना सुटल्यासारखं झालं. त्यांनी प्रसादाची कडलेपुरी दोन्ही हातांनी घेतली, तरी अर्धी सांडली.

रिक्षा करून घरी निघालो. रस्त्यात जागोजाग कोहळे फुटलेले, कुंकवानं लाल. मी बाहेर बघत नव्हते. घराजवळ आल्यावर हे हळूच म्हणाले, "तुला माहितेय, त्यांचा चष्मा कुठे सापडला? मी विचारलं त्यांना. देवघरात. गणपतीच्या पाटाखाली." मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांना तेवढ्यानं उभारी आली. "बघ! म्हणजे त्यानंच लपवला. इतक्या वर्षांची फुलं पोचली म्हणायची."

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "अण्णा, स्वल्प थांब." कोपऱ्यावर फुलवाली बसली होती. ह्यांच्या हातातली रिकामी पिशवी काढून परत ह्यांच्याच हातात दिली.

"उतरा," म्हटलं. "उद्यापासून फुलं इथून घ्यायची. गणपतीला दुसरी कामं आहेत. तो रोज लोकांचे चष्मे लपवत बसणार नाही."